दोन आज्ञांमधली खूण

दिवा राहू द्या चालू. ही गोष्ट जालन्याच्या एमआयडीसीतली आहे. तिच्यात पिंपळ नाही, पडकी विहीर नाही; आणि माणूस ओळखीचा, त्यामुळे खोटं म्हणून उठून जायचीही सोय नाही.

संघपाल तिथल्या एका बियाण्याच्या कारखान्यात संगणक सांभाळायचा. सोळा मे, शनिवार. अमावस्या होती, पण तिला दोष नको. संगणक पंचांग बघत नाही. आईचा नवा चष्मा खिशात टाकून, कार्यालयाला कुलूप लावून तो रात्री मोटारसायकलवर कुंभार पिंपळगावला निघाला.

त्या कारखान्याच्या गोदामात कीड मारायला शनिवारी रात्री अकराला गॅस सोडत. पूर्वी हे काम कारभारीकाकांचं. भोंगा वाजवायचा, बाहेरून दार लावायचं, काचेतून बॅटरी मारून आत कोणी नाही ना ते बघायचं, आणि मगच गॅस. मधेमधे तंबाखू मळायची. त्यांचा अंगठा कायम चुन्यानं पांढरा.

संघपालनं त्यांची चारही कामं चार आज्ञांत बसवली आणि एका ओळीत लिहून संगणकाला वेळ नेमून दिली.

"आन् आत कोणी आसलं तं?" काकांनी विचारलं होतं.

"आत कॅमेऱ्याचा डोळा बसवलाय काका. मशीन बघंल."

"बघंल. पन थांबंल का?"

थांबत होतं. कारण दर दोन आज्ञांमध्ये त्यानं '&&' ही खूण टाकली होती. तिचा अर्थ, मागचं काम नीट झालं तरच पुढचं कर.

दिवाळीत काका वारले. नंतर तो डोळा वरचेवर बिघडू लागला. तपासणी अडली की गॅस अडायचा, आणि मॅनेजरचा आवाज भोंग्याच्या वर जायचा. म्हणून त्या शनिवारी निघताना संघपालनं त्या खुणा खोडल्या आणि साधे अर्धविराम टाकले. अर्धविराम म्हणजे मागचं होवो न होवो, पुढचं कर. सरकारी फाइल अशीच पुढे सरकते. तिथे फारतर एखाद्याची बढती चुकते.

अंबडला तो चहाला थांबला. फोन वाजला. गेटवरचा भागवत.

"साहेब, गोदामातला डोळा बंद पडला जनू. लाल दिवा लागलाय."

"लागू दे. काम थांबत न्हाई आता."

"बराबर. आन् प्रेमलामावशी चहाला न्हाई आली आज. झाडून राह्यली आसंल कुठं तरी…"

झाडलोट करणारी प्रेमलामावशी ठार बहिरी. भोंगा तिच्यासाठी नव्हताच कधी.

"भागवत! गोदाम बघ आधी! तिला…"

फोन गप्प. पुन्हा लावला. बंद. कारखान्यातले सगळे नंबर लावले. कोणी उचलेना. घरबसल्या यंत्र थांबवायची सोय त्यानं मागितली होती; मालक 'बघू' म्हणाले होते.

त्यानं गाडी वळवली.

रस्ता काळा. पुढे दिव्याचा एक ठिपका… तोही विझला. घड्याळ बघायचं नाही असं त्यानं ठरवलं. बघितलं. अकरा वाजून गेले होते.

गेटवर भागवत उभा. हातात मेलेला फोन.

"भोंगा वाजला?"

"वाजला. दार बी लागलं."

"गॅस?"

भागवतनं गोदामाकडं पाहिलं. "नळीचा आवाज येतो ना दर बारीला… त्योच न्हाई आला."

संघपाल धावला. बाहेरची कडी काढली. आत अंधार. वास नाही. काही हलत नाही.

बॅटरी मारली. पोत्यावर प्रेमलामावशी बसलेली. मांडीवर झाडू. शांत.

"मावशी…"

ती त्याच्या ओठांकडं बघत राहिली.

"दार लागलं तवा लई भेले," ती म्हणाली. "मंग कारभारी भाईरून बोलला. बैस म्हनला. बघितल्याबिगर म्या गॅस सोडत न्हाई."

भागवत दोन पावलं मागे सरला.

"तुला तर… ऐकू येत न्हाई, मावशी."

"न्हाईच येत," ती म्हणाली. "त्याचं आलं."

संघपालनं तिला हाताला धरून बाहेर आणलं.

मग संघपाल कार्यालयात गेला. कुलूप त्यानं लावलं होतं तसंच. किल्ली एकच, त्याच्या खिशात. आईच्या चष्म्याशेजारी.

पडदा उजळला. ती ओळ समोर आली. भोंगा, दार, तपासणी, गॅस. मधे एकही अर्धविराम नव्हता. तिन्ही जागी '&&'. आणि काम तपासणीपाशी थांबलेलं.

त्यानं कळफलकाकडं पाहिलं.

ती खूण सातच्या कळीवर असते. त्या एकाच कळीवर अंगठ्याएवढा पांढरा डाग होता.

त्यानं बोट लावलं.

चुना… ओला होता.