तांब्याभर हवा

लाइट जाऊन आज चौथा दिवस होता. नरसप्पा यन्नम हातात तांब्या घेऊन माशांच्या टाकीपाशी स्टुलावर बसले होते. तांब्या बुडवायचा, हातभर उंच न्यायचा आणि धार धरून पाणी परत टाकीतच ओतायचं. बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण बघायला कुणी जागं नव्हतं. अख्खी सोसायटी झोपली होती, आणि तीही भर दुपारी बारा वाजता.

ओतण्यामागचं कारण साधं होतं. मासा पाण्यात विरघळलेल्या हवेवर जगतो. लाइट असली की पंप पाणी हलतं ठेवतो आणि हवा आत शिरते. पंप बंद पडला की ते काम हातानं करायचं. त्यातून सोलापूरचा उन्हाळा. पाणी जितकं तापेल तितकी हवा ते कमी धरतं, आणि नेमका तेव्हाच माशांना श्वास जास्त लागतो. म्हणून नरसप्पांनी टाकीला ओली चादर गुंडाळली होती, माशांचं खाणं बंद केलं होतं आणि तीन मासे पसरट घंगाळात काढले होते. पाणी जितकं उघडं, तितकी हवा जास्त. तरीही अकरातले सातच उरले होते.

यंत्रमागावर तीस वर्षं काढलेला माणूस. स्वस्थ बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. दहा तांबे ओतले की ते उठत आणि पलंगापाशी जात. तिथे त्यांची बायको राजम्मा पडली होती. मनगटात कडं, कड्याची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये. नरसप्पा घड्याळ बघत उभे राहत. चार मिनिटं होत आली की तिची छाती जराशी वर येई. तोवर यांचा जीव टांगणीला. मग पुन्हा स्टुलावर.

आणि हे सगळं आपल्याच मागण्यातून उभं राहिलं, हे त्यांना क्षणभरही विसरता येत नव्हतं.

तीन उन्हाळ्यांपूर्वी लाइट जायची ती फार तर दोन तास. तेव्हा दोघं समोरासमोर बसत. पाच मिनिटं तिनं ओतायचं, पाच मिनिटं यांनी. हात चालायचे तशी तोंडंही चालायची. धाकट्या जावेपासून वरच्या मजल्यावरच्या गवंडी कुटुंबापर्यंत सगळ्यांची उलटतपासणी त्या दोन तासांत उरकायची. "हात गळाला वाटतं तुमचा, आणा इकडे," म्हणून ती तांब्या हिसकावून घ्यायची. त्यांची भाची पद्मजा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत प्राण्यांच्या श्वसनावर काम करायची. ती सुट्टीत आली तेव्हा नरसप्पा सहज म्हणाले, "एवढी शिकलीस, माशांसाठी काहीतरी कर की गं. हात गळून पडतात आमचे."

"हवा वाढवता येत नसेल तर गरज कमी करता येते, मामा," ती म्हणाली. "थंड देशांत तळी वरून गोठतात. खाली काही मासे जवळजवळ हवेशिवाय महिने काढतात. शरीर आपला सगळा कारभारच मंद करतं. त्याची किल्ली आम्हाला सापडलीय. मंदक म्हणतो आम्ही त्या औषधाला."

"म्हणजे गुंगीचं औषध?"

"नाही हो. गुंगीत मेंदू झोपतो, शरीराचा खर्च चालूच राहतो. यात कंदिलाची वात बारीक करावी तसं सगळंच बारीक होतं."

"आणि परत मोठी कोण करणार?"

"उतारा असतो ना. टाकीवर एक डबी बसवायची. लाइट आली की तीच उतारा सोडते. तुम्ही निवांत."

"असं किती दिवस चालतं?"

"वात बारीक केली तरी तेल संपतंच. पंधरा दिवस धरा." पद्मजा हसली. "पण इतके दिवस लाइट कुठे जाते, मामा?"

त्या उन्हाळ्यात मासे खरंच वाचले. पुढच्या वर्षी मंदक माणसांसाठी आलं. पंख्याविना तडफडण्यापेक्षा जिभेवर दोन थेंब घ्या, कडं चढवा, लाइट आल्यावर उठा. भूक नाही, घाम नाही, डास नाहीत. लोकांच्या उड्या पडल्या. राजम्मानंही घेतलं. "तुम्ही बसा तांब्या घेऊन. मला मेलीला नाही सोसवत ही काहिली," ती म्हणाली. त्या दिवसापासून नरसप्पांनी माशांचे थेंब मात्र बंद केले. घरात कुणीतरी जागं हवं, असं ते म्हणत. खरं म्हणजे, मासेही झोपले तर आपण एकट्यानं करायचं काय, याची त्यांना भीती वाटे.

मग दोन तासांचे आठ तास झाले. आठ तासांचे दोन दिवस. पूर्वी चौकातला ट्रान्सफॉर्मर जळाला की अर्ध्या तासात माणसं रस्त्यावर यायची, वीज कार्यालयात जाऊन साहेबाला फैलावर घ्यायची. आता फैलावर घेणारे गाढ झोपलेले. ओरडायलाच कुणी नाही म्हटल्यावर धावपळ कोण कशाला करील?

घंगाळातला एक मासा कलंडला. नरसप्पांनी त्याला बोटानं सरळ केलं, तो पुन्हा कलंडला. त्यांनी तांब्या आपटला, हातानं फिरवायचा चार्जर गरागरा फिरवून फोनमध्ये जीव आणला. पद्मजाचा फोन आजही लागला नाही. पुण्यातही लाइट नसावी. मग त्यांनी तक्रारीचा नंबर लावला. नागपूरच्या केंद्रातून एक मुलगी बोलली.

"काका, तुमच्या भागातून दुसरा कुणाचाच फोन नाही."

"दुसरे झोपलेत. म्हणून तर मी करतोय. दहावा फोन आहे हा माझा!"

"मग तुम्हीपण थेंब घ्या ना. जागं राहून उगाच त्रास."

"पोरी, माझी बायको लाइट आल्याशिवाय उठत नाही. उतारा त्या कड्यातच आहे, हातानं देता येत नाही. चार दिवस झाले, पंधराव्या दिवशी... तू फक्त लाइनमनला पाठव. पाया पडतो तुझ्या."

"असं नका बोलू, काका. बघते हं." बराच वेळ नुसता बटणांचा आवाज येत राहिला. "तुमच्या भागाचे दोन्ही लाइनमन परवापासून मंदकावर आहेत."

"शेजारच्या भागातले?"

"तेही."

"अगं, मग ते उठणार कधी?"

"लाइट आली की," ती सवयीनं म्हणाली.

नरसप्पांनी फोन ठेवला. स्टुलावर बसून तांब्या बुडवला. दहा ओतले, वीस ओतले, चाळीस ओतले. खांदा भरून आला तेव्हा टाकीवरची नजर न हलवता त्यांनी तांब्या बाजूला धरला आणि म्हणाले, "घे गं, आता तू."

तांब्या तसाच हवेत राहिला. पलंगावर राजम्माची छाती जराशी वर आली आणि खाली गेली.

त्यांनी घड्याळ बघितलं आणि तांब्या दुसऱ्या हातात घेतला.