जागच्या जागी अडतीस

सायकल कुठेही जात नव्हती आणि नवरा ताशी अडतीसने चालला होता.

स्वयंपाकघरालगतच्या लहान खोलीत त्याने ट्रेनर मांडला होता. लोखंडी पायांचं एक जड धूड. सायकलचं मागचं चाक काढायचं, साखळी त्या धुडावर चढवायची आणि भिंतीकडे तोंड करून घाम गाळायचा. समोरच्या पडद्यावर एक सरळ रस्ता सरकत राहायचा आणि कोपऱ्यात वेगाचा आकडा. खोलीला रबराचा आणि आंबलेल्या टॉवेलचा वास लागला होता. बायको दार लोटून घ्यायची, तरी वास यायचाच.

खऱ्या रस्त्यावर हा माणूस सव्वीसच्या वर कधी गेला नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"तुझा अडतीस खोटा आहे," ती म्हणायची. "समोरून वारा नाही, खड्डा नाही, सिग्नल नाही. निम्मी ताकद तर वारा कापण्यात जाते, आणि तू पंखा लावून बसतोस."

"उलट रस्ताच खोटा आहे. थांबा, वळा, ब्रेक मारा. इथे फक्त पाय बोलतात."

"घाण्याच्या बैलाचं निदान तेल तरी निघतं."

यावर तो नाक मुरडायचा. अडतीस लागल्यापासून त्याला सगळं जगच सावकाश वाटायला लागलं होतं. रविवारी एक जुना मित्र बोलवायला आला. वर्षानुवर्षं दोघं बरोबर सायकल चालवत, आणि दर वेळी त्या मित्राचंच चाक बसायचं म्हणून सगळे त्याला पंक्चर म्हणत. नवऱ्याने सायकलवरून न उतरताच त्याला वाटेला लावलं.

"तुमच्या त्या रांगण्यात मी येऊन काय करू?"

पंक्चरने दारात चपला घालता घालता तिच्याकडे पाहिलं. "वहिनी, आम्ही हळू जातो, पण जातो तेवढे परत येतो. हा रोज नुसता जातोच आहे." तो स्वतःच्या विनोदावर हसला आणि गेला.

तिला आधी वाटलं, हा नवा माज आहे. "चहा घेणार?" विचारलं की तो तिच्याकडे बघत बसायचा आणि चहा गाळून झाल्यावर म्हणायचा, "हो, अर्धा." दारावरची बेल वाजून माणूस निघून गेला की हा उठायचा. आता मला उत्तर द्यायलाही साहेबांना सवड नाही, असं म्हणून तिने चार दिवस अबोला धरला. तोही त्याच्या उशिरा लक्षात आला.

मग एका संध्याकाळी त्याचा हात तापलेल्या तव्याला लागला. तो मीठ घेऊन टेबलाशी आला, खुर्चीवर बसला, पाणी प्यायला, आणि मग "आई गं!" करून हात झटकला. बोटांवर फोड कधीच उठला होता.

ही काही माज करायची गोष्ट नव्हती.

कान तपासणं हा तिचा धंदाच होता. दुसऱ्या दिवशी तिने त्याला आपल्या दवाखान्यातल्या बंद खोलीत बसवलं, कानांना हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. ज्याचे कान अधू असतात त्याला बारीक आवाज ऐकूच येत नाहीत. याला सगळे ऐकू आले, अगदी मुलांनाच ऐकू येतात तेसुद्धा. फक्त प्रत्येक आवाजानंतर तो काचेपलीकडे शांत बसून राहायचा, आणि मग बटण दाबायचा. मोठा आवाज असो की बारीक, उशीर तेवढाच. इतक्या वर्षांत तिने असं कधी पाहिलं नव्हतं. कोणीतरी खूप लांब उभं असावं आणि हाक तिथवर पोचायला वेळ लागावा, तसं.

घरी येताना तिला पंक्चरचं बोलणं आठवलं. आपण शिकल्यासवरलेल्या आहोत, हे तिने स्वतःला दोनदा बजावलं. आणि तरीही घरी आल्यावर पदर खोचून तिने ते धूड सायकलसकट फिरवलं. भिंतीकडे पाठ, दाराकडे तोंड.

"हे काय?" त्याने बऱ्याच वेळाने विचारलं.

"परत ये आता," ती म्हणाली.

वेडगळपणाच होता. पण आठवडाभरात चहा गाळायच्या आत उत्तर यायला लागलं. मग साखर ढवळायच्या आत. कचेरीत त्याचं काम नकाशे काढण्याचं. नकाशांना कोणी काही विचारत नाही, म्हणून तिथे कोणाला पत्ता नव्हता. घरी मात्र ती सारखी काहीबाही विचारून बघायची. आणि एका संध्याकाळी तो सायकलवर असताना तिने दारातून विचारलं, "किती वाजले रे?"

"सव्वासात," तो म्हणाला. ताबडतोब, तोंडावर.

तिला रडूच आलं. इतका राग, इतकी टवाळी करून झाल्यावर कळलं की हा माणूस आपल्याला किती हवा आहे.

"बास. उतर आता."

"थांब गं. चाळीस होतायत."

"अरे, उतर म्हणते ना!"

"चाळीस झाले की उतरतो. कधी झाले नव्हते."

"मग मर त्या चाळिसावर," ती डोळे पुसत, हसत म्हणाली आणि कांदा चिरायला ओट्याकडे गेली.

कांदा चिरून झाला. वाढू का, असं विचारायला तिने मान वळवली.

"नको, भूक नाही," आतून आवाज आला.

ती सुरी धरून उभी राहिली. "वाढू का?" तिने विचारलं.

आत पंखा आणि साखळी, एवढाच आवाज.

रात्रभर तिला झोप नाही. सकाळी दाढी करताना तो एकटाच मोठ्याने हसला. दुपारी दवाखान्यातला एक किस्सा फोनवर त्याला सांगताना तिला कळलं, तो कशाला हसला होता ते. फोनवर तो गप्प होता.

तिने मागचापुढचा विचार केला नाही. त्या यंत्राचा तिला पहिल्यापासून तिटकारा होता, आता किळस आली. भंगारवाल्याला बोलावून तिने ते देऊन टाकलं. तो ते जिन्याच्या पायरीपायरीवर आपटत नेत असताना तिला बरं वाटलं. संध्याकाळी तिच्या डोक्यात प्रकाश पडला, की ते पुन्हा भिंतीकडे फिरवायला हवं होतं. ती धावत भंगाराच्या दुकानात गेली. तिथे त्याचे तांबं, लोखंड, रबर असे वेगवेगळे ढीग झाले होते.

दुसऱ्या दिवशी तिने तसाच नवा ट्रेनर आणला, भिंतीकडे तोंड करून मांडला, सायकल चढवली.

"बस," ती म्हणाली. "पाया पडते, बस याच्यावर."

तो पेपर वाचत राहिला. आदल्या संध्याकाळी, ती भंगारवाल्याकडून परतली तेव्हा तो आपल्याशीच म्हणाला होता, "नाही गं, आता कंटाळा आला सायकलीचा." तेव्हा तिने लक्ष दिलं नव्हतं.

तिने दंडाला धरून ओढलं. तो हलला नाही.

त्यानंतर ती मोजकंच बोलायला लागली. न विचारलेली उत्तरं घरभर येत राहायची. हो, गॅस बंद केलाय. नाही, उद्या नाही. अगं, कपाटात वरच्या फळीवर. तिचे प्रश्न मागून निघायचे, आधी दिवसाने, मग आठवड्यांनी. न विचारायचं ठरवलं तरी निघायचे.

मग एकदा जेवताना त्याने घास खाली ठेवला. आवाज बारीक, दमलेला.

"नाही गं, दुखत नाही आता. हात सोड. जाऊन झोप थोडी."

ती टेबलाच्या पलीकडे होती. तिच्या एका हातात चमचा होता, दुसऱ्यात भांडं.

ती वाट बघत राहिली. पुढचं उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मग तिनेच विचारायला सुरुवात केली. भात घेणार? कचेरीत काय झालं? माझ्यावर रागावलास का? काहीही विचारलं, ओरडून विचारलं, कानाशी जाऊन विचारलं. तो जेवायचा, कामाला जायचा, तिच्याकडे बघून ओळखीचं हसायचा. बोलायचा नाही.

आता तिच्या मनात एकच प्रश्न असतो, ज्याचं उत्तर आधीच येऊन गेलंय, आणि तो ओठांवर आला की ती दात आवळते.

आज जेवण झाल्यावर त्याने टेबलावरून हात पुढे केला. कित्येक महिन्यांत केला नव्हता. तळवा वर, बोटं जराशी दुमडलेली. त्याच्या कपाळावर घाम होता.

तिने आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.