श्वासाचं माप

तो शिंप्याच्या दुकानात शिरला तोच उलट्या पावलांनी. त्यामुळे मास्तरणीला आधी त्याची पाठ दिसली, चेहरा मागाहून. पाठ होतीही बघण्यासारखी. कोट कॉलरपासून कमरेपर्यंत उसवलेला, आणि शेंगेतून दाणा डोकवावा तसा आतून पांढरा सदरा डोकावत होता.

"रस्त्यावरच्यांना तोंड दाखवलं तर ते नुसते बघतात," भिंतीला पाठ टेकत तो म्हणाला. "पाठ दाखवली की हसतात."

काखेत ट्रम्पेट होतं. समोरच्या चौकात बँड वाजत होता. सगळ्यात उंच सुरासाठी यानं छाती भरली आणि शिवणीनं मान टाकली.

तिला सगळे मास्तरीण म्हणत, ते कौतुकानं नव्हे, चेष्टेनं. मामाच्या दुकानात सहा वर्षं ती काजं करत होती. पुरुषांचे कोट बेतायचे मास्तरांनी, आणि मास्तर म्हटला की मिशा हव्यातच, अशी त्या गल्लीची समजूत. पण हिच्या डोक्यात एक कोट घर करून बसलेला – खांद्यात कापसाची भर नाही, छातीत ताठ कापड नाही, सदऱ्यासारखा हलका. तिच्या भुणभुणीला कंटाळून मामानं शेवटी शब्द दिला होता. आठ दिवसांनी शिंप्यांचं प्रदर्शन. तिथं हिचा कोट उभा राहिला तर कात्री हिची. नाही तर जन्मभर काजं, आणि कोटाचं नाव काढायचं नाही.

आता कोट म्हटला की तो घालायला पुरुष आला. आणि बाईच्या हाती माप द्यायला गल्लीतला एक पुरुष तयार होईल तर शपथ.

तिनं त्या पाठीकडे पुन्हा पाहिलं. डावा खांदा उजव्याहून बोटभर खाली. दुसऱ्या कुणी तिथं कापूस कोंबला असता. तिला तो खांदा आहे तसाच आवडला.

पाठ शिवून देते, ती म्हणाली, पण बदल्यात प्रदर्शनात माझा कोट घालायचा.

"आणि तोही उसवला तर?"

"माझा उसवत नाही."

"कोट… की शब्द?"

"दोन्ही. हात वर करा."

खांदा, बाही, पाठ… मापं भराभर झाली. मग छाती. टेप मागून पुढं आणताना तिचे केस त्याच्या हनुवटीला निसटते लागले. आकडा आला बेचाळीस. कच्च्या टाक्यांवर ट्रायल झाली, तेव्हाही टाचण्या लावताना बेचाळीसच. चोख.

प्रदर्शनाच्या सकाळी तो कोट चढवून आरशासमोर उभा राहिला. ती चार पावलं मागं सरकली. कोट छातीवर ढगळ लोंबत होता.

"कोट आहे का तंबू?" मामा म्हणाला. रागानं नाही, हळहळून. तेच जास्त लागलं.

तिनं टेप लावली. बेचाळीस. मागं सरकून पाहिलं तर ढगळ. पुन्हा जवळ आली… बेचाळीस. तिनं मान वर केली. तो छताकडे बघत होता. कान लालबुंद, गळ्याची शीर तट्ट फुगलेली.

"तुम्ही श्वास रोखलाय?"

त्यानं नुसती मान डोलावली.

"पहिल्या मापालाही? ट्रायललाही?"

पुन्हा मान.

"आता बोला. माप होईपर्यंत थांबायचं नाही."

"काय बोलू?"

"काहीही. खरं असलं म्हणजे झालं."

"मग ऐका. श्वास धरणं हा माझा धंदाच… पण तुम्ही जवळ आलात की धरावा लागत नाही, तो आपणच थांबतो. वाटलं, हललो तर टेप निघेल, टेप निघाली की तुम्ही लांब जाल. ट्रायलला मात्र… खरंच बोलायचंय ना? तेव्हा मुद्दाम धरला. तुमचा कोट बिघडवायचा नव्हता हो. तुम्ही मला आवडता, एवढंच होतं सगळं—"

टेप तिच्या बोटांतून सरकत सरकत एकोणचाळिसावर येऊन थांबली.

तीन इंच! उसवून शिवायला अर्धा दिवस हवा, आणि हातात होता अर्धा तास. रागवावं, हसावं, की दार लावून नाचावं, तिला कळेना. मग ती उसवलेली पाठ तिच्या डोळ्यांपुढं आली.

"ट्रम्पेट घ्या," ती म्हणाली. "सगळ्यात उंच सूर."

त्यानं छाती भरली. कोटही भरला. एक सुरकुती नाही, एक टाका ताणला नाही. सूर सोडला तसं कापड अलगद खाली आलं – झोपलेल्या बाळाच्या पोटावरची चादर उतरावी तसं. मामाचं तोंड उघडं ते उघडंच.

प्रदर्शनात वीस ताठ कोट पुतळ्यांसारखे चालून गेले. एकविसावा वाजवत आला. टाळ्या आधी मागच्या रांगेतून उठल्या. तिथं बसलेल्यांना स्वतःचे कोट काखेत काचत होते. सगळ्यात मोठ्या मिशांच्या मास्तरांनी खाली उतरून छातीवरचं कापड चिमटीत धरलं. ही ढील चुकून राहिली, की ठेवली?

"चुकून राहिली," ती म्हणाली. "आता ठेवणार आहे."

मामानं कात्री तिच्या हातात दिली, आणि आता काजं कोण करणार म्हणून कुरकुरत बसला.

पुढं त्या कोटाचं नाव कुठल्या कुठं गेलं. मापाच्या वहीत छातीसाठी दोन रकाने तिनंच आणले, श्वास सोडून आणि श्वास भरून, आणि मिशावाल्यांनीही ते मुकाट्यानं उचलले. पण ते सगळं पुढचं. प्रदर्शनाला दहा दिवस होतात न होतात तोच तो दुसऱ्या कोटासाठी हजर. या खेपेला सरळ पावलांनी.

टेप छातीभोवती गेली. नियमाप्रमाणे तो अखंड बोलत होता – बँडबद्दल, उन्हाबद्दल, ढोलवाल्याच्या घोरण्याबद्दल. बोलता बोलता थांबला, आणि खाली वाकून हळूच म्हणाला, "मास्तरीणबाई, आता तुम्ही बोला. माप होईपर्यंत थांबायचं नाही."

तेव्हा कुठं तिला उमगलं, टेप हातात घेतल्यापासून श्वास तिनंच रोखलाय.

तिनं तो सोडला. टेप तशीच धरून ठेवली.

"तुझं माप तर मला कधीच तोंडपाठ झालंय," ती म्हणाली. "तरी घेतेय."