मागचा सूर

चष्म्याची काडी निखळली नसती तर त्याने त्या दुकानात पाऊलही ठेवलं नसतं. दुकानाची मालकीण मान खाली घालून काडीत स्क्रू बसवत होती आणि मागच्या फळीवर एक जुना टेपरेकॉर्डर खरखरत होता. त्या खरखरीतून एक बाई गात होती… अशी गात होती, की तो काउंटरवर हात टेकून उभाच राहिला.

"चष्मा झाला," ती म्हणाली.

"गाणं व्हायचंय अजून."

"मग बाजूला उभे राहा. मागे गिऱ्हाइकं आहेत."

तो बाजूला झाला. गेला मात्र नाही.

गाणारी तिची आई. बाईच्या गळ्यात आभाळ होतं, पण उभ्या आयुष्यात तिला कुणी धड माइक दिला नाही. बेसुऱ्यांसमोर चार-चार माइक उभे राहत होते. हिच्यासाठी नवऱ्याने ओट्यावर टेपरेकॉर्डर ठेवला, तोही पंख्याखाली. ती गेली आणि ही एवढी एक कॅसेट उरली. गाण्यांच्या एका कंपनीने ती ऐकली आणि सांगितलं, गाणं थोर आहे, खरखर काढून आणा, मग बाजारात आणू.

याचा धंदाच तो, जुन्या फितींतली खरखर काढायचा. आठ दिवसांत आईला आरशासारखी लख्ख करून देतो, असं तो बोलून गेला. तिने सुनावलं, आईला घासायला देत नाहीये, नीट ऐकू येईल एवढं करा.

दुकान बंद करून ती रोज संध्याकाळी त्याच्या खोलीवर जायची. एकाच वायरीला दोन हेडफोन, त्यामुळे खुर्च्या जवळ घ्याव्या लागत.

"लांब वायर मिळते बाजारात," ती एकदा म्हणाली.

"मिळते… पण मी त्या बाजारात जात नाही."

ती खाली वाकून हेडफोन पुसू लागली. पुसण्यासारखं त्याला काही लागलं नव्हतं.

नवव्या दिवशी ती मावशीला घेऊन आली. आईचा आवाज खोलीत स्वच्छ उभा राहिला आणि तिचे डोळे भरून आले. मावशी मात्र कान पुढे करून काहीतरी शोधत होती. गाणं संपल्यावर म्हणाली, "छान. आणि मी कुठे गेले?"

सगळ्या कॅसेटभर मावशी पेटीवर एकच पट्टी दाबून बसलेली होती. जन्मभर तिने तेच केलं. बहीण गायची, ही मागे सूर धरायची. गाणं सुरू होण्याआधी दहा सेकंद नुसता तो सूर आणि पंखा. याने तेवढाच तुकडा कॉम्प्युटरला दाखवून सांगितलं होतं, ही खरखर, असलं सगळं काढ. कॉम्प्युटर आज्ञाधारक. त्याने पंख्याबरोबर मावशीलाही काढलं.

दुसरा कुणी यंत्रावर ढकलून मोकळा झाला असता. तो म्हणाला, "चूक माझी. मी तुम्हाला खरखर समजलो."

"सवय आहे बाबा," मावशी म्हणाली. "पण ती माझ्या सुरावर उभी होती. आता बघ, अधांतरी लोंबकळतेय."

त्याने दोन दिवस खटपट केली. पंखा आणि पेटी एकमेकांत असे विणलेले, की एक ओढलं की दुसरं उसवायचं. शेवटी होती तशीच कॅसेट घेऊन दोघं कंपनीत गेले. साहेबांना झालेलं सांगितलं, तर त्यांना मावशी पुसली गेलेली ती स्वच्छ प्रतच हवी होती. मागची पेटी कोण ऐकतंय, असं म्हणाले.

त्याचं निम्मं काम याच कंपनीचं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता हा मान डोलावणार.

"ते गाणं नाही, माझी चूक आहे," तो म्हणाला. "ती मी विकणार नाही. न्यायचं तर खरखरीसकट न्या."

साहेब म्हणाले, राहू द्या. आणि यापुढे तुम्हीही येऊ नका.

जिन्यावरून ती ताठ मानेने उतरत होती. आईच्या गाण्यासाठी आजवर कुणी भांडलं नव्हतं. मधल्या वळणावर ती थांबली.

"काम गेलं ना तुझं?"

"गेलं. आता ही कॅसेट आहे तशी मी माझ्या खोलीतूनच बाजारात आणणार. वर दोघी बहिणींची नावं. आणि…"

"आणि?"

"तू येत जा. रोज. हे काम संपलं तरी… मला तुझ्याशिवाय करमत नाही आता."

तिने कठड्यावरून बोट फिरवलं.

"मावशीचं नाव आधी टाक," ती म्हणाली आणि त्याचा हात हातात घेऊन उरलेल्या पायऱ्या उतरू लागली.