खांबांची सुट्टी

पाण्यात उभ्या असलेल्या जुन्या लाकडी खांबांत किती बळ उरलंय, हे सांगणं हा माझा धंदा. हातोडीने ठोकायचं, कान द्यायचा, बारीक गिरमिट आत घालायचं. खाऱ्या पाण्यातला किडा मोठा लबाड. बाहेरून खांब ठणठणीत ठेवतो आणि आतून फस्त करतो. खांब निकामी निघाला की त्याला लाल पट्टा मारायचा, पाठीवर मारावी तशी थाप मारायची आणि म्हणायचं, "तुझं काम झालं बाबा. सुट्टी." ही रीत माझ्या गुरूंची. का, असं विचारल्यावर त्यांनी मला मूर्खात काढलं होतं.

त्या सकाळी ज्या धक्क्याखाली शिरायचं होतं, त्यावर माझ्या थोरल्या बहिणीची खानावळ होती. धक्का नापास झाला की खानावळ बंद. भावजी गेल्यापासून ताईचं घर, पोट, रुबाब, सगळं तेवढ्या फळ्यांवर होतं. मी खाली उतरताना ती झारा घेऊन उभी होती.

"तुला कडेवर घेऊन हिंडलेय मी. ते लक्षात ठेव आणि मग ठोक."

"ताई, खांबांना नाती कळत नाहीत."

"तुला कळतात ना?"

ओहोटी होती, पाणी गुडघाभर. सोबतचा नावाडी अखंड बडबड्या, पण धक्क्याखाली शिरताच त्याचं तोंड मिटलं. मला बरंच वाटलं. पहिला खांब ठोकला, ढब. दुसरा, ढब. गिरमिट लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. सगळे पोकळ, नुसती सालं उभी. हिशेबाने या धक्क्यावर ताईचा कुकरही ठेवायला नको होता, आणि वर वजनं उचलणाऱ्यांचा अख्खा क्लब जेवायला येत होता.

मी तुळईखाली डायल लावली. वरची जमीन केसभर दबली तरी तिचा काटा खाली येतो. पहिलवान धपाधप आत शिरले.

काटा वर गेला. ओझं येताना दिसलं म्हणून कुणी कंबर कसावी, तसा.

"बिघडलीय," मी म्हणालो.

"साहेब," नावाडी हळूच म्हणाला, "जरा खांबाला हात लावा."

लावला. खांब कोमट होता, आणि फार वेळ उभं राहिलेल्या माणसाची पोटरी थरथरते तसा थरथरत होता.

मी शिकलेला माणूस. जवळच एखाद्या बोटीचं इंजिन चालू असेल, असं ठरवून टाकलं. जवळपास आमच्या वल्ह्याच्या होडीखेरीज काही नव्हतं, पण ठरवायला काय जातं? काम मात्र भराभर उरकायला घेतलं. ताईच्या स्वयंपाकघराखालचे चार खांब. लाल पट्टा, थाप, "सुट्टी."

चौथी थाप पडली.

"हा उसासा तुम्ही टाकलात का?" नावाड्याने विचारलं.

"नाही."

"मीही नाही."

वर भांडी घरंगळली. काटा खाली घसरू लागला.

"ताई, बाहेर पड! सगळ्यांना घेऊन!"

पहिलवान ताटं हातात घेऊन पळाले. फळ्यांच्या फटीतून ताईचा आवाज आला, "गिऱ्हाईक पळवलंस ना? मी नाही हलणार. बुडाले तर कढईसकट बुडेन!"

मी बाहीने पट्टे पुसले. थापा मारत ओरडलो, "सुट्टी रद्द! रद्द!" आधी साहेबी आवाजात, मग हात जोडून. खांब गार पडले होते. नावाडी होडीसकट केव्हाच पसार झाला होता.

तुळई वाकली. वर माझी ताई होती. मला दुसरं काहीच सुचलं नाही. खाली शिरलो आणि खांदा लावला.

काटा थांबला.

माझ्यासारख्या किडकिडीत माणसाने धक्का पेलणं शक्य नाही, आकडे मला पाठ आहेत. ओझं मात्र अगदी माझ्या मापाचं वाटत होतं.

वर ओली पावलं वाजली. खुर्च्या सरकल्या.

"अरे," ताई खुशीत म्हणाली, "ही नवी गिऱ्हाईकं तू पाठवलीस होय? चौघं आहेत. निथळताहेत नुसते. बसायचं कसं, तेही विसरलेत बिचारे."

मी मान वळवून फळ्यांच्या फटीतून वर बघायचा प्रयत्न केला.

"विचारलं, इतके दिवस होतात कुठे? तर म्हणे, कामावर. आता बदली माणूस मिळालाय म्हणे."

मी खांदा जरासा सैल करून पाहिला. काटा लगेच खाली आला. मी खांदा परत लावला.

पाणी आता कमरेला लागत होतं.