पुढची सीट ड्युईची

मृत्यू हा शेवट नव्हे. माणूस जातो, पण त्याची इच्छा उरते, आणि काळाच्या बापालाही ती पुसता येत नाही.

हे महान सत्य मला ग्रंथांतून सापडलेलं नाही. एका सेकंडहँड, चांदी रंगाच्या, दाराला पोचा आलेल्या गाडीच्या सीटबेल्टच्या घंटीने मला ते शिकवलं.

घटना शंभर टक्के खरी आहे. ओहायोतल्या आमच्या गावच्या पेपरात मी चाळीस वर्षं विनोदी सदर लिहिलं. थाप कशी मारतात, ते मला नीट ठाऊक आहे. ही थाप नाही.

दुर्दैव एवढंच, की त्याच चाळीस वर्षांमुळे घरात माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

आठ जून, शनिवार. वेळ रात्री बाराची नव्हे, दुपारी अडीचची. भुतांना वेळेचं भान नसतं, हे मला त्या दिवशीच कळलं.

माझी नात हॅडली हायस्कूल संपवून मोकळी झाली होती. माझ्या स्वयंपाकघरात ती, जोसी आणि कायला अशा तिघी मैत्रिणी बसल्या होत्या. तिच्या पास झाल्याच्या पार्टीतला उरलेला केक खात बेत चालला होता... हॅडलीच्या त्या चांदी रंगाच्या गाडीने थेट ओरेगॉनचा समुद्र गाठायचा. अडीच हजार मैल.

वाटेत वायोमिंगमध्ये फोनला रेंज नसते म्हणून हॅडलीने तळघरातून माझं नकाशांचं जुनं पुस्तक वर आणलं होतं.

"पुढची सीट माझी!" जोसी ओरडली.

"ए, गाडी दिसत नसताना ओरडलेलं धरत नाहीत," कायला म्हणाली. "आधी गाडी दिसली पाहिजे. नियम आहे."

"तू मागे बस. तुला डुलक्या लागतात."

"आणि तू गाणी लावतेस ती? त्यापेक्षा डुलकी बरी!"

मी म्हणालो, "भांडू नका गं. ती सीट बहात्तर सालीच गेली. ड्युईने अडवून ठेवलीय."

विनोद करायचा मोह. तीच माझी चूक.

ड्युई माझा मित्र. बावन्न वर्षांपूर्वी याच टेबलावर, याच पुस्तकात, आम्ही दोघांनी हाच बेत आखला होता. आमच्या गावापासून ओरेगॉनच्या किनाऱ्यापर्यंत लाल पेन्सिलीची रेघ त्यानेच ओढली. मग अंगणात माझी गाडी दिसताच तो ओरडला होता, "पुढची सीट माझी! समुद्र दिसेपर्यंत!"

गाडीत आम्ही दोघेच असणार होतो. तरी ओरडला. नियम म्हणजे नियम.

त्याने समुद्र कधीच पाहिला नव्हता.

पेट्रोलच्या पैशांसाठी आम्ही मक्याच्या कोठारात कामाला लागलो. निघायला आठ दिवस उरले होते. ड्युई मक्याच्या ढिगावर उभा होता आणि त्याच्या पायाखालचा मका सरकून त्याला आत ओढू लागला.

मी शिडीवर होतो. मला त्याचा हात दिसत होता.

मग हात दिसेना. नुसता मका. आणि तो आवाज... सुर्र...

मला काहीच करता आलं नाही.

पोरींना यातलं काही माहीत नव्हतं. त्या खिदळल्या. "या ड्युई आजोबा, बसा पुढे!" हॅडली म्हणाली.

आणि बाहेरून आवाज आला...

टिंग... टिंग... टिंग...

गाडीची किल्ली केकच्या ताटलीशेजारी पडलेली होती.

आम्ही बाहेर गेलो. गाडीत कुणी नव्हतं. पण बेल्ट न लावलेल्या माणसाचा तो छोटा लाल दिवा पेटला होता. ड्रायव्हरशेजारच्या सीटचा.

"सेन्सर गेला असेल," हॅडलीने सीटवर दोन चापट्या मारल्या.

टिंग... टिंग...

शेवटी कायलाने वाकून रिकाम्या सीटचा बेल्ट लावला. आवाज बंद.

पण तो बेल्ट सीटला टेकला नाही. वीतभर पुढे, हवेत, ताणून राहिला. जणू आत कुणाची तरी छाती होती...

"अडकलाय," जोसी म्हणाली, आणि सगळ्या पुन्हा केककडे गेल्या.

सीटवर मक्याचे तीन दाणे होते.

मी एकटाच उरलो. हळूच म्हणालो, "ड्युई, उतर. ही तुझी गाडी नाही रे."

कट्...

सीट आपोआप एक घर मागे सरकली.

ड्युईचे पाय लांब होते.

संध्याकाळी मी मुलीला, म्हणजे हॅडलीच्या आईला, सगळं सांगितलं. डेनीस सगळं ऐकून म्हणाली, "बाबा, तुमचं सदर बंद होऊन सहा वर्षं झाली. पोरीची ट्रिप नासवू नका."

मी किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. हॅडलीकडे दुसरी होती. शिवाय डेनीसला पुढच्या रविवारी पॅनकेकमध्ये काय सापडलं, ते विचारू नका.

त्याच रविवारी, सोळा जूनला, तिघी निघाल्या. हॅडली गाडी चालवत होती. मागे सामानात चेंगरलेल्या दोघी. पुढची सीट 'बिघडलेली', म्हणून रिकामी. बेल्ट मात्र लावलेला.

रोज रात्री त्या पुस्तकातल्या नकाशाचा फोटो यायचा. आयोवा. नेब्रास्का.

चौथ्या दिवशी वायोमिंगहून आलेला फोटो मी मोठा करून पाहिला.

ड्युईची लाल रेघ किनाऱ्याला संपायची. बावन्न वर्षं तिथेच संपलेली होती.

आता ती किनारा ओलांडून निळ्या पाण्यात गेली होती. नखभर...

पाचव्या दिवशी बोटभर.

मी फोन केला. "हॅडली, समुद्रावर जाऊ नका. माघारी फिरा."

"आजोबा, कसले भारी आहात! हे लिहून काढा ना."

"ती रेघ कुणी वाढवली?"

"तुम्हीच ना? तुमचीच पेन्सिल... कायला, तू काढलीस का गं?"

"मी कशाला काढू?" मागून आवाज आला.

आणि मग फोनमध्ये... अगदी जवळ... सुर्र...

"हॅडली, कसला आवाज तो?"

"कुठला आवाज? आजोबा, रेंज जा—"

काल दुपारी चारनंतर फोन लागलेला नाही. आज त्या किनाऱ्यावर पोचायला हव्यात.

डेनीस म्हणते, डोंगरात रेंज नसते. असेलही.

ड्युई 'समुद्र दिसेपर्यंत' म्हणाला होता. समुद्र दिसला की उतरेल, असं मी स्वतःला समजावतो. तो शब्दाचा पक्का होता. पण मग ती रेघ पाण्यात का गेली?

मी टेबलाशी बसून आहे. समोर त्या सीटवरून उचललेले मक्याचे तीन दाणे. पुन्हा शिडीवर उभा असल्यासारखं वाटतंय. सगळं दिसतंय, आणि हात कुठेच पोचत नाही.

तिकडच्या किनाऱ्यावर कुणाला चांदी रंगाची, दाराला पोचा आलेली गाडी दिसली, तर हॅडलीला घरी फोन करायला सांगा. कुठल्याही वेळी. मी जागाच आहे.

आणि हो, त्या गाडीच्या पुढच्या कप्प्यात माझा वाचायचा चष्मा राहिलाय. तेवढा पोस्टाने पाठवा. फक्त कप्प्याकडे हात नेण्याआधी, "ड्युई, जरा सरक," एवढं म्हणा.