चाळिसावी जागा

किल्ल्या दिल्या, वह्या दाखवल्या. आता ही खुर्ची तुझी. टेबलावरचा दिवा असू दे गं, आणि दहा मिनिटं बस. मघाशी तू विचारलंस ना, बावीस वर्षं या एका खोलीत काढली आणि निवृत्तीला दोनच उरली असताना का सोडता म्हणून? डॉक्टरांना मी गुडघे दुखतात असं सांगितलंय. गुडघे ठणठणीत आहेत माझे.

इथलं काम तुला माहीतच आहे. नवीन औषध आलं की ते घेऊन बघायला तयार असलेले रुग्ण शोधायचे, नियमात बसतात का ते तपासायचं, बसले तर नाव घालायचं. ज्या खेपेचं सांगतेय, तेव्हाचं औषध फुप्फुसांचं होतं. फुप्फुसं सुकत जातात, बसल्याजागी धाप लागते आणि वर्ष-दीड वर्षात माणूस जातो, त्या आजारावरचं. चाळीस जागा होत्या. एकोणचाळीस भरल्या होत्या.

त्या मंगळवारी इस्त्रीवाली आली. पन्नाशीची, हडकुळी. ओल्या कापडावर तापलेली इस्त्री फिरवली की येतो ना, तो वास तिच्या अंगातच मुरलेला. यंत्राच्या नळीत तीनदा जोरात फुंकायचंय म्हटलं, तर म्हणते कशी, "सिस्टर, जन्मभर कोळशाला फुंकर घातली, तुमच्या नळीला घाबरते होय मी!"

पहिली फुंकर सत्तेचाळीस टक्के. दुसरी अठ्ठेचाळीस. तिसऱ्यांदा तिने भिंत धरली, डोळे घट्ट मिटले आणि होता नव्हता तेवढा जीव त्या नळीत ओतला. बावन्न. नाव घालायला पन्नास पुरतात. तिन्हींतला सगळ्यात चांगला आकडा लिहायचा असा नियम आहे, आणि आकडा फक्त आपल्या बाजूला दिसतो.

मी अठ्ठेचाळीस लिहिला.

अशी बघू नकोस. यादीत तिच्या पाठचं नाव माझ्या धाकट्या बहिणीचं होतं, तिलाही तोच आजार. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची. मीच न्हाऊमाखू घातलं, मीच शाळेत सोडलं. तिच्याशिवाय मला कुणी नव्हतं गं, कुणीच नव्हतं.

"दोनाने हुकलं, मावशी," मी म्हटलं.

"पुन्हा फुंकू?"

"तीनदाच फुंकायचं असतं. नियम आहे."

"बरं… तुमचा काय दोष त्यात," ती म्हणाली. मग बाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत बसून राहिली. मी दार लोटून घेतलं.

धाकटीच्या गोळ्या सुरू झाल्या. सकाळी सात, संध्याकाळी सात. आणि काय सांगू, औषध लागू पडलं! आठव्या दिवशी जिना एका दमात चढली आणि वरून मलाच चिडवायला लागली, "ताई, धापा तू टाकतेयस, तुझंच नाव घालायला हवं होतं!" मी नाचायची तेवढी बाकी होते.

एकोणिसाव्या दिवशी एक फाइल पोचवायला छातीच्या वॉर्डात गेले. कोपऱ्यातल्या खाटेवरची गादी उभी करून ठेवलेली होती. मी सहज विचारलं. वॉर्डची नर्स म्हणाली, "ती इस्त्रीवाली होती तिथे. आज सकाळी सातला गेली. शेवटपर्यंत एकच धोशा, माझी गोळी कधी देणार."

घरी आले. संध्याकाळचे सात वाजले. खिडकीत अजून उजेड होता. धाकटीने गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायली, गिळली. आणि मग… तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून पुन्हा एकदा तसाच आवाज आला. कुणीतरी घोटभर पाण्याबरोबर गटकन गिळल्याचा.

"ताई… मी दोनदा गिळलं का?"

"नळाचा आवाज असेल."

पण खोलीत वास भरला होता. ओल्या कापडाचा, तापलेल्या लोखंडाचा. आमच्याकडे त्या दिवशी कुणी इस्त्रीला हात लावला नव्हता.

मग ते रोजचंच झालं. सकाळी सातला, संध्याकाळी सातला. खुर्ची मी बाहेर नेऊन ठेवली, तर आवाज तिच्या उशाशी यायला लागला. धाकटी खंगत चालली. आधी जिना सुटला, मग न्हाणीघरापर्यंत चालणं सुटलं. मी तिला तोंड उघडायला लावायचे, बॅटरी मारून जिभेखाली बघायचे, मांजराला औषध पाजल्यावर बघतात तसं. गोळी पोटात गेलेली असायची. चोराच्या मनात चांदणं… मला सगळं कळत होतं. तरी महिनाभर तोंडातून शब्द काढला नाही.

एका दुपारी धाकटीनेच विचारलं. "कोण आहे गं ती?"

"कोण ती?"

"गिळून झालं की उसासा टाकते. बाई आहे… आणि तुला माहितीये. तोंड बघ तुझं कसं झालंय."

मी सांगून टाकलं. बावन्न, अठ्ठेचाळीस, बाकावर बसून राहिलेली ती, सगळं. वाटलं, रडेल, शिव्या देईल. तिने माझा हात बाजूला सारला.

"माझ्यासाठी केलंस असं म्हणू नकोस हं," ती म्हणाली. "मला विचारलं नव्हतंस."

त्या संध्याकाळी सातला तिने ती खुर्ची आत आणायला लावली. गोळी बशीत ठेवली आणि बशी खुर्चीवर सरकवली. "घ्या, बाई. तुमचीच होती."

मी बशीतली गोळी उचलली आणि धाकटीचा जबडा धरला. ज्या हाताने घास भरवले, त्याच हाताने गोळी तिच्या ओठांत कोंबत होते. तिने दात आवळून घेतले. दोघीही रडत होतो. शेवटी मी हात टेकले, गोळी बशीत ठेवली, तिचे ओठ पुसायला कपडा घ्यायला वळले. मागे आवाज आला… बघते तर बशी रिकामी.

पुढचे नऊ दिवस धाकटीने एकही गोळी घेतली नाही. डॉक्टरांना मी पत्ता लागू दिला नाही. आठव्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, तिचं रक्त काढून प्रयोगशाळेत पाठवलं. नवव्या दिवशी भर दुपारी ती माझ्या मांडीवर गेली.

चाचणी संपली, सगळ्यांच्या रक्ताचे अहवाल आले, आणि डॉक्टरांनी मला बोलावलं. कागद उलटसुलट करत म्हणाले, "सिस्टर, तुमच्या बहिणीचं काही समजत नाही. पहिल्या दोन आठवड्यांच्या रक्तात औषध व्यवस्थित आहे. मग महिनाभर कणभरही नाही. घेत नव्हती का ती?"

"माझ्या डोळ्यांदेखत घेत होती."

"आणि शेवटच्या नमुन्यात पुन्हा पूर्ण मात्रा! औषध परत चढत होतं हो. महिनाभर आधी असं झालं असतं, तर वाचली असती."

आलं लक्षात? गिळत होती तेव्हा तिला मिळत नव्हतं. आपण होऊन दिलं, तेव्हा त्या बाईने तिचं तिला परत केलं. नुसतं कबूल करायचं होतं. एकोणिसाव्या दिवशी मी तोंड उघडलं असतं, तर माझी धाकटी आज… मी खाल्लं गं तिला. गप्प बसून खाल्लं.

आता मला रक्तदाबाची गोळी आहे. किती बदलून दिल्या, पण दाब काही उतरत नाही. डॉक्टर विचारतात, घेता ना नियमित? रोज सकाळी सातला मी ती गोळी आधी बशीत ठेवते. म्हणते, "घ्या, मावशी. चुकले मी." वास येतो… अगदी गालाशी येतो. तासभर वाट बघते. गोळी जागची हलत नाही. मग नाइलाजाने मीच ती तोंडात टाकते, पाणी पिते, गिळते.

तेव्हा येतो आवाज. डावीकडून एक… आणि त्याच्या पाठोपाठ, उजवीकडून, आणखी एक.